गाजर खाऊन चष्म्याचा नंबर उतरतो का?

माझ्या भाचीला मागच्या महिन्यात चष्मा लागला, मायनस दीड, आणि घरातला जो तो तिला गाजर खायला लावायला लागला. आठ दिवस खाल्लं बिचारीनं, सकाळी आणि संध्याकाळी, आणि नवव्या दिवशी चष्मा काढून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "मामा, काटे अजून पण दिसत नाहीयेत." सगळे हसले, पण खरं सांगू का, तिचं काहीच चुकलं नव्हतं, सांगितलेलं औषध घेतलं आणि मग उपयोग झाला का ते स्वतः तपासून पाहिलं, एवढं पण मोठी माणसं करत नाहीत. तेव्हापासून डोक्यात होतं की हे एकदा नीट लिहून काढायचं, कारण डोळ्यांच्या बाबतीत आपण जवळजवळ सगळेच एक घोळ घालतो. नंबर आणि नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकत्र कालवतो.

आधी नंबर. नंबर म्हणजे माप, बस. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलीमीटर असतो, आणि पुढून आत आलेला उजेड बरोब्बर मागच्या पडद्यावर येऊन टेकला की स्वच्छ दिसतं. डोळा लांबीला जास्त वाढला तर तो उजेड पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो, पडद्यापर्यंत पोचेस्तोवर पसरतो आणि लांबचं धूसर दिसतं, हा मायनस नंबर. किती जास्त वाढला म्हणाल तर जेमतेम एक मिलीमीटर वाढला की अडीच-तीन नंबर पडतो. म्हणजे माझ्या भाचीचं सगळं रामायण साधारण अर्ध्या मिलीमीटरचं आहे. आता गाजर खा, पालक खा, बदाम खा, वाढलेला डोळा काही परत आखूड होत नाही, जशी पालेभाजी खाऊन कुणाची उंची कमी होत नाही.

चाळिशीचं पण तसंच. डोळ्याच्या आत जी लेन्स असते ती लहानपणी मऊ असते, जवळचं बघताना आतला स्नायू तिला फुगीर होऊ देतो, वय वाढलं की ती कडक होत जाते आणि मग मोबाईल लांब धरायला हात कमी पडायला लागतात. यातून कोणी सुटत नाही, डोळ्यांचे व्यायाम करणारे पण नाही. आणि जवळचा चष्मा लावला की डोळ्याला सवय लागते आणि ते आणखी बिघडतात असं जे म्हणतात ना, ते चूक आहे, लेन्स तुमचा चष्मा बघून कडक होत नाही, ती वयानं होते. अंधुक उजेडात वाचल्यानं डोळे जातात हेही खरं नाही, डोळे थकतात, डोकं दुखतं, सकाळी सगळं जागेवर.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे नजर. चष्मा लावून सुद्धा दिसतंय की नाही हे ठरतं मागच्या पडद्यावर आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर. हा पडदा म्हणजे सिनेमाच्या पडद्यासारखं कापड नाही, ते जिवंत काम चालू असलेलं ठिकाण आहे, शरीरात सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी एक. तिथे अंधुक उजेडात बघणाऱ्या साधारण १२ कोटी पेशी आणि रंग व बारकावे बघणाऱ्या साधारण ६० लाख पेशी असतात, त्यांची उजेड पकडणारी टोकं रोज झिजतात आणि रोज नवीन बनतात, दहाएक दिवसात पूर्ण टोक बदललेलं असतं. नवीन बनवायला माल लागतो आणि तो माल ताटातून येतो. म्हणजे खाण्याचा संबंध आहे, पण तो इथे आहे, नंबराशी नाही.

आणि इथे गाजराला त्याचा मान देऊन टाकू. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, त्यातूनच रेटिनल नावाचा एक वाकडा रेणू तयार होतो आणि तो पडद्यातल्या एका प्रोटीनला चिकटून बसतो. उजेडाचा कण आदळला की तो वाकडा रेणू ताडकन सरळ होतो, आणि तुम्ही आत्ता जे काही बघताय त्याची सुरुवात या एवढ्याशा सरळ होण्यातून झालेली आहे. हे उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्डना १९६७ चं नोबेल विभागून मिळालं. व्हिटॅमिन ए कमी पडलं की आधी अंधारात बघणाऱ्या पेशी हात टेकतात, त्यालाच रातांधळेपणा म्हणतो आपण. लहान मूल दिवसभर धावतंय आणि दिवेलागणीला एकाच जागी बसून राहतंय, खाली पडलेलं खेळणं हातानं चाचपतंय, तर तो हट्ट किंवा भित्रेपणा नसू शकतो. त्याच्या पुढे डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो, मग बुबुळावर जखम होते आणि मग मात्र नजर परत येत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये हे मुलांच्यात दिसलं. लोणी परदेशी विकलं जात होतं आणि गरिबांच्या मुलांना साय काढलेलं दूध आणि मार्गारीन, म्हणजे लोण्याऐवजीचा स्वस्त पदार्थ, मिळत होतं, त्यात व्हिटॅमिन ए जवळजवळ नव्हतंच, डोळ्यांचे रुग्ण वाढत गेले, मग नाकेबंदीत मार्गारीनच मिळेनासं झालं, लोणी रेशनवर सगळ्यांना वाटलं गेलं आणि आजार जवळजवळ गायब झाला. कार्ल ब्लॉख या डॉक्टरनं हे सगळं नोंदवून ठेवलं. पुढे अल्फ्रेड सॉमर या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरला इंडोनेशियात काम करताना दिसलं की अशी मुलं नुसती आंधळी होत नाहीत, ती इतर मुलांपेक्षा जास्त दगावतात, आणि १९८६ मध्ये त्यांच्या टीमनं दाखवलं की सहा महिन्यातून एकदा व्हिटॅमिन ए चा डोस दिल्यावर मुलांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. डोळा तपासता तपासता जीव वाचवायची गोष्ट सापडली.

मग गाजरानं नजर घारीसारखी होते हे कुठून आलं? त्यात बराच हात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश प्रचाराचा आहे. ब्रिटिश पायलट रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडत होते, कारण त्यांच्या विमानात नवीन रडार बसवलं होतं आणि ते गुपित होतं, तर जॉन कनिंगहॅम नावाच्या पायलटचं "मांजराचे डोळे" असं टोपणनाव पसरवलं आणि सांगितलं की पोरं गाजरं फार खातात. जर्मनांनी किती विश्वास ठेवला देव जाणे, पण आयांनी ठेवला आणि अजून ठेवतायत.

तर हिशोब असा आहे की व्हिटॅमिन ए कमी असेल तर ते भरून काढल्यानं नजर सुधारते, आणि पुरेसं असेल तर जास्तीचं खाऊन काहीही वाढत नाही, टाकी भरल्यावर पेट्रोल ओतत राहिलं म्हणून गाडी जोरात पळत नाही. ते फक्त गाजरातच असतं असं पण नाही, रताळं, लाल भोपळा, पालक यातून मिळतं, आणि तयार स्वरूपात अंड्याचा बलक, दूध, कलेजी यातून. भाज्यांबरोबर थोडं तेल पोटात गेलं पाहिजे कारण ही गोष्ट चरबीत विरघळते, नुसतं उकडलेलं गाजर कोरडं खाण्यापेक्षा परतलेलं जास्त कामाचं. आणि गोळ्यांच्या बाबतीत जरा जपून, व्हिटॅमिन ए लिव्हरमध्ये साठत जातं, जास्त झालं तर विषारी ठरतं आणि गरोदर बाईनं मोठे डोस घेतले तर बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून मनानं बाटली आणून सुरू करायची ही गोष्ट नाही. गाजरं अति खाल्ली तर फार तर तळवे पिवळे दिसतील.

पालकाबद्दल थोडं जास्त बोलायचंय कारण त्याला गाजरासारखी जाहिरात मिळाली नाही. पडद्याच्या मधोमध एक छोटा पिवळसर ठिपका असतो, मॅक्युला, वाचायला, चेहरा ओळखायला, सुईत दोरा ओवायला हाच लागतो. त्याचा पिवळेपणा ल्युटिन आणि झियाझँथिन नावाच्या दोन रंगद्रव्यांमुळे असतो आणि गंमत म्हणजे आपलं शरीर ही दोन्ही बनवूच शकत नाही, ती पूर्णपणे खाण्यातून येतात, गडद हिरव्या पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक. म्हणजे तुम्ही खाल्लेल्या पालेभाजीचा रंग अक्षरशः तुमच्या डोळ्याच्या आत जाऊन बसलेला असतो, निळा उजेड थोडा गाळतो आणि झीज थोडी थोपवतो. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी दोन दिवस पालकाकडे आदरानं बघत होतो, मग परत नेहमीचं.

म्हातारपणी या मॅक्युलाची झीज होते तेव्हा मधलंच दिसेनासं होतं, समोरच्या माणसाचे कान दिसतात पण चेहरा नाही अशी काहीशी अवस्था. यावर अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटनं मोठा अभ्यास केला, एरेड्स म्हणतात त्याला, २००१ मध्ये निकाल आला. व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटीन, झिंक आणि तांबं यांचं मोठ्या डोसचं मिश्रण दिलं तर ज्यांची झीज मधल्या टप्प्यावर आहे अशा लोकांमध्ये ती पाच वर्षात शेवटच्या टप्प्याला जायचा धोका साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. पण सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीनच्या मोठ्या डोसनं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे इतर अभ्यासांमधून दिसलेलं होतं, म्हणून २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासात ते काढून १० मिलीग्रॅम ल्युटिन आणि २ मिलीग्रॅम झियाझँथिन घातलं, तेही चाललं. त्याच अभ्यासात ओमेगा थ्रीच्या कॅप्सूल जोडून पाहिल्या, त्यानं जास्तीचा फायदा काही झाला नाही. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की दुकानात "डोळ्यांसाठी" लिहिलेली जी बाटली दिसते ती बऱ्याचदा या अभ्यासाचं नाव सांगून विकली जाते, आणि अभ्यास मात्र अशा लोकांवर होता ज्यांच्या डोळ्यात डॉक्टरला झीज दिसलेली होती. तिशीतल्या धडधाकट माणसानं ती गोळी घेऊन काय साधणार? मासे, भाज्या, अंडी ताटात येत असतील तर बहुतेकांना तेवढं बास आहे.

खाण्यानं नजर जाऊ शकते का, तर हो, जाऊ शकते, फक्त गाजरावाचून नाही. १९९१ ते ९३ मध्ये क्युबात पन्नास हजारांहून जास्त लोक आजारी पडले, कुणाची नजर धूसर झाली, रंग फिके दिसायला लागले, कुणाच्या पायांच्या नसा गेल्या. सोव्हिएत युनियन कोसळलं होतं, मदत थांबली होती, अन्नाची टंचाई होती, आणि बी ग्रुपची व्हिटॅमिन्स कमी पडल्यामुळे डोळ्याच्या नसेला मार बसला होता, तंबाखू ओढणाऱ्यांना जास्त. सगळ्यांना व्हिटॅमिनच्या गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली. आणि हे टंचाईतच होतं असं नाही, २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एका मुलाची केस छापली, तो वर्षानुवर्षं जवळपास फक्त चिप्स, पांढरा ब्रेड आणि प्रोसेस्ड मांस खायचा, अंगानं बारीक नाही की जाड नाही, बघून कुणाला शंका येऊ नये, आणि सतराव्या वर्षापर्यंत त्याची नजर कायमची गेलेली होती. तेव्हा मूल एकच एक गोष्ट खातंय हे दोन-चार महिन्यांचं खूळ असेल तर ठीक, वर्षानुवर्षं चाललं असेल तर रक्त तपासून घ्यावं.

परत भाचीकडे येतो, कारण तिच्या आईचा प्रश्न बाकी आहे की नंबर उतरत नसेल तर निदान वाढू तरी नये म्हणून काय करायचं. इथे खरंच एक उपाय आहे आणि तो इतका साधा आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. मुलांना घराबाहेर सोडा, दिवसा, उजेडात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर प्रयोग केला, काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा जास्तीचा तास ठेवला, बाकीच्या शाळा नेहमीसारख्या. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना मायनस नंबर लागलेला होता आणि मैदानवाल्यांमध्ये ३०.४ टक्के. हे २०१५ मध्ये छापून आलं. तैवाननं तर २०१० पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं बाहेर असा कार्यक्रमच सुरू केला आणि वर्षानुवर्षं चढत चाललेला आकडा थोडा खाली वळला. कारण बहुतेक उजेडाचं आहे, वर्गात ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर सावलीत सुद्धा काही हजार आणि उन्हात दहा हजाराच्या पुढे, आणि एवढ्या उजेडात पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन सुटतं जे डोळ्याची लांबी वाढायला ब्रेक लावतं असं मानतात. खेळलंच पाहिजे असं नाही, झाडाखाली बसून गप्पा मारल्या तरी चालतं. एकदा नंबर लागल्यावर याचा परिणाम कमी होतो, तरी सोडू नये, आणि वेगानं वाढत असेल तर डॉक्टर अगदी कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब किंवा खास लेन्सचा चष्मा देतात, तो विषय त्यांच्यावर सोडा. एक मात्र करू नका, नंबरापेक्षा कमी पॉवरचा चष्मा देऊ नका "डोळ्याला कष्ट पडू देत" म्हणून, २००२ च्या एका अभ्यासात असा कमी पॉवरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. आणि मायनस सहाच्या पुढे गेलेला नंबर ही नुसती जाड काचेची अडचण नसते, ताणलेल्या डोळ्याचा पडदा पातळ होतो आणि पुढे सुटायची भीती जास्त, म्हणून वाढीच्या वयात थोपवलेला एकेक नंबर लाखमोलाचा.

आता स्क्रीन. यावर इतकं बोललं जातं की मला वाटतं लोक मोबाईलला घाबरून बाकी सगळं विसरतात. एक गंमत करून बघा, घरात कुणीतरी फोनमध्ये डोकं घालून बसलेलं असेल तर त्याला न सांगता एक मिनिट त्याच्या पापण्या मोजा. मी बायकोच्या मोजल्या, चार वेळा लवल्या. एरवी माणसाची पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते, प्रत्येक वेळी अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पुसला जातो, आणि स्क्रीनकडे टक लावली की हे पाच-सातवर येतं, शिवाय अर्धवट मिटते ती वेगळीच. थर सुकतो, डोळे चुरचुरतात, कधी कधी कोरडेपणामुळेच पाणी येतं जे ऐकायला उलटं वाटतं. म्हणजे स्क्रीननं डोळे जळत नाहीत, आपण पापणी लववायला विसरतो. अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांचा २०-२०-२० चा नियम यासाठीच, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. आकड्यात जादू नाही, खिडकीबाहेर बघून चार वेळा नीट डोळे मिटले तरी तेच. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवा म्हणजे डोळा कमी उघडा राहतो, एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नका. निळ्या उजेडाचा चष्मा? २०२३ मध्ये १७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि डोळ्यांच्या थकव्यावर त्याचा फरक पडत नाही असंच बहुधा म्हणावं लागेल असा निष्कर्ष निघाला. दिवसा आभाळाकडून जेवढा निळा उजेड डोळ्यात जातो त्यापुढे मोबाईलचा काहीच नाही. झोप मात्र रात्रीच्या स्क्रीननं बिघडते, ते वेगळं दुखणं.

जिथे खरंच नजर जाते त्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत म्हणून त्यांच्याकडे कानाडोळा होतो. सिगारेट ही त्यातली पहिली, मॅक्युलाच्या झिजेचा धोका ती दुपटीपासून चौपटीपर्यंत नेते आणि मोतीबिंदू पण लवकर आणते. खाण्यात काय बदल करू म्हणून विचारणारा माणूस ओढत असेल तर आधी ती सोडायची, पालक नंतर. दुसरी शुगर. डायबेटीस पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पोखरतो आणि सुरुवातीची कित्येक वर्षं दिसण्यात काहीही फरक पडत नाही, फरक पडतो तेव्हा आत बरंच काही घडून गेलेलं असतं. १९९३ मध्ये टाइप वन डायबेटीसच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये पडद्याचा आजार नव्यानं सुरू व्हायचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. एवढा फायदा कुठल्याही भाजीचा नाही. त्यामुळे डायबेटीस असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासायचाच, चष्म्याचा नंबर काढून आलो म्हणजे डोळे तपासून आलो असं नाही, आणि त्या दिवशी परत येताना गाडी चालवू नका, सगळं पांढरंफटक दिसतं.

उन्हाचा गॉगल घेताना काच किती काळी आहे ते बघू नका, यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवते असं, लिहिलंय का ते बघा. नुसती काळी काच उलट वाईट, अंधार झाला म्हणून बाहुली मोठी होते आणि न गाळलेले अतिनील किरण जास्त आत जातात. काठाची टोपी पण छान काम करते.

आणि डोळ्यात काय घालायचं नाही हे काय खायचं यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डोळ्यात तेल घालून पहारा करतात तो म्हणीतच, खऱ्या डोळ्यात घरगुती काही घालू नका. सगळ्यात घातक म्हणजे मागच्या वेळचे उरलेले थेंब. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली दोन दिवसात जाते, इतकं बरं वाटतं की माणूस दर वेळी तेच आणतो, आणि महिनोन्‌महिने घालत राहिलं की डोळ्याचा दाब चढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो, बाहेरून डोळा मात्र पांढराशुभ्र. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर नळाच्या पाण्याचा थेंब सुद्धा लागू देऊ नका, पाण्यातला अकॅन्थअमीबा नावाचा जीव लेन्सखाली अडकला तर बुबुळाची वाट लावतो, आणि लेन्स घालून झोपू नका. डोळे जोरजोरात चोळायची सवय पण वाईट, वर्षानुवर्षं चोळून बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा आजार बळावतो, खाज असेल तर ॲलर्जीचं औषध घ्या.

अचानक काळे ठिपके पाऊस पडल्यासारखे दिसायला लागले, बाजूला वीज चमकल्यासारखं होतंय, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा काळोख येतोय तर सकाळची वाट बघायची नाही, पडदा सुटत असू शकतो आणि त्यात तासांचा हिशोब असतो. आणि अधूनमधून एक डोळा झाकून दुसऱ्यानं बघत जा, कॅलेंडरच्या चौकटींच्या रेषा सरळ दिसतायत ना, कारण दोन डोळे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. लहान मुलात तर हे फार होतं, एक डोळा कमजोर आहे हे मुलाला कळतच नाही, मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडून देतो, आणि सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर सुधारायची शक्यता पुष्कळ जास्त असते. म्हणून शाळेत घालायच्या आधी एकदा तपासणी.

राहिला काचबिंदू, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला कारण तो आमच्या घरात आहे. बाबा जवळचा चष्मा बदलायला गेले होते, तक्रार काहीच नव्हती, डॉक्टरनं दाब मोजला, मागची नस बघितली आणि फील्ड टेस्ट करायला सांगितली. त्यात एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसवतात, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. सुरुवातीला टिक टिक चाललं होतं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि बाबा मान न हलवता म्हणाले, "अहो, तुमचं मशीन बंद पडलंय का?" मशीन चालू होतं. दिवे लागत होते. मला कडेनं त्याच्या स्क्रीनवर दिसत होतं की वरच्या बाजूला एकामागून एक दिवे लागून गेलेत आणि बाबांना त्यातला एकही दिसलेला नाही, आणि त्या माणसानं त्याच दिवशी सकाळी मला रस्त्यात खड्डा आहे बघ म्हणून सांगितलं होतं. काचबिंदू असाच, दुखत नाही, खुपत नाही, कडा खात खात मधे येतो आणि मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून टाकतो, काळं काही दिसत नाही. गेलेलं परत येत नाही, थेंब नियमित घातले तर उरलेलं बहुतेक टिकतं. बाबांचं गेली सहा वर्षं टिकलंय, थेंबांची वेळ त्यांनी रात्रीच्या बातम्यांना बांधून टाकलीय.

आई-वडील, भावंडं यात कुणाला असेल तर आपल्याला धोका जास्त, त्यामुळे आता मी पण दरवर्षी त्या घुमटासमोर बसतो. पहिल्या वर्षी अर्धा वेळ दिवेच दिसले नाहीत, मला घाम फुटला, बाहेर येऊन बाकावर गप्प बसलो. रिपोर्ट नॉर्मल. दुसऱ्या वर्षी परत तेच, परत घाम. तिसऱ्या वर्षी टेक्निशियन बाईंना विचारलं तेव्हा त्या हसल्या, म्हणाल्या मशीन मुद्दाम दिवा मंद मंद करत नेतं दिसेनासा होईपर्यंत, त्यामुळे चांगल्या डोळ्याला पण निम्मे दिवे दिसत नाहीत, घाबरायचं काही नसतं. हे आधी सांगायला काय झालं होतं म्हणालो, तर म्हणतात, "तुम्ही आधी विचारलंच नाहीत."